आळ आणि जबानी

रंगभूमीवर न्यायसभेचा देखावा लागला कीं पेंगुळलेला प्रेक्षकही सावरून बसतो, हा अनुभव नवा नाहीं. पिंजऱ्यांत उभा असलेला आरोपी, उलटतपासणी घेणारा वकील, क्षणभर गोंधळलेला साक्षीदार आणि अखेर न्यायाधीशाच्या तोंडून बाहेर पडणारा निकाल, एवढ्या सामग्रीवर सामान्य बुद्धीचा नाटककारही प्रेक्षकांस दोन घटका खिळवून ठेवूं शकतो. याचें कारण उघड आहे. संसारांत जें सत्य कधीं पुरतेपणीं हातीं लागत नाहीं, तें न्यायसभेच्या देखाव्यांत पडदा पडण्यापूर्वी हातीं लागणारच, अशी प्रेक्षकाला हमी असते. ही हमी मोठी सुखाची आहे; परंतु घरांतील मारहाणीचा प्रश्न जेव्हां या देखाव्यांत मांडला जातो, तेव्हां तीच हमी आमच्या न्यायबुद्धीला भलतें वळण लावते, असें आम्हांस वाटतें. तें कसें, हें येथें थोडें विस्तारानें सांगावयाचें आहे.

भंडारा जिल्ह्यांत साकोली, लाखांदूर, पवनी या बाजूस धानाची कापणी उरकून दिवाळी सरली कीं नाटकांचे दिवस सुरू होतात, ते होळीपर्यंत चालतात. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा हें या नाटक मंडळ्यांचें मुख्य ठाणें. मंडई किंवा शंकरपट यांच्या निमित्तानें गांवांत पाहुणे जमलेले असतात, लेकीबाळी माहेरीं आलेल्या असतात, आणि रात्रीं उशिरां उभा राहिलेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. झाडीपट्टीची रंगभूमी ती हीच. पुण्यामुंबईच्या समीक्षकांनीं तिची विचारपूस फार उशिरां केली, आणि केली तेव्हांही बहुधा कौतुकानें, बरोबरीच्या नात्यानें नव्हे. पण तो विषय निराळा. दारू, शेताची वांटणी, सुनेचा छळ हे या नाटकांचे नेहमीचे विषय, आणि शेवटच्या अंकांत न्यायालय आलें तर कोणास नवल वाटत नाहीं. अशा एका खेळांत आम्हीं पाहिलें कीं, दुसऱ्या अंकांत दारुड्या नवऱ्यानें बायकोला मारलें तेव्हां मांडवांतल्या बायका डोळ्यांना पदर लावीत होत्या. आणि शेवटच्या अंकांत दुसऱ्या एका सुनेची छळाची फिर्याद वकिलाच्या चार प्रश्नांसरशीं खोटी ठरली, तेव्हां त्याच बायकांनीं टाळ्या वाजविल्या. हे अश्रूही खरे होते आणि त्या टाळ्याही खऱ्या होत्या. या दोन भावनांचा परस्परांशीं कांहीं मेळ आहे कीं नाहीं, हा प्रश्न मात्र त्या मांडवांत कोणाला पडला नाहीं. सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांतही तो फारसा पडत नाहीं.

दिवाणखान्यांत या विषयावर दोनच वचनें ऐकूं येतात. एक म्हणतें, "घरची अब्रू चव्हाट्यावर मांडून कोणती बाई उगाच खोटें बोलेल?" दुसरें म्हणतें, "हल्लीं कायदे सगळे बायकांचे. कोणाला केव्हां अडकवितील याचा नेम नाहीं." बोलणारा कोणता पक्ष घेईल हें पुष्कळदां त्याच्या घरांत लग्नाची मुलगी आहे कीं लग्नाचा मुलगा आहे यावरून सांगतां येतें. दोन्ही वचनांत चूक एकच आहे. एका बाईच्या एका फिर्यादीविषयींचा प्रश्न तीं सगळ्या बायकांच्या स्वभावाविषयींचा करून टाकतात. आणि स्वभावाविषयीं मत देण्यास पुरावा लागत नसल्यामुळें काम सोपें होतें.

आमच्या नाट्यवाङ्मयांत या विषयाचा जुना आणि थोर नमुना म्हणजे मृच्छकटिक. शूद्रकाचें हें नाटक देवलांनीं मराठी रंगभूमीवर आणलें, त्यामुळें संस्कृत न जाणणारांसही त्यांतील न्यायसभा परिचयाची आहे. शकार वसंतसेनेचा गळा दाबतो, ती मेली असें समजून निघून जातो, आणि लागलीच न्यायसभेंत जाऊन तिच्या खुनाचा आळ चारुदत्तावर घालतो. न्यायाधीश वाईट नाहीं. चारुदत्ताविषयीं त्याच्या मनांत आदरच आहे. परंतु भर सभेंत मैत्रेयाच्या काखेंतून वसंतसेनेचे अलंकार खालीं पडतात, आणि पुरावा आपल्या वाटेनें चालूं लागतो. चारुदत्त वधस्तंभापर्यंत जातो. वसंतसेना जिवंत येऊन उभी राहते, तेव्हां कोठें तो वांचतो. येथें ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, खोटा आळ घालणारा हाच खरा मारेकरी आहे. जिच्यावर घाव झाला ती बाई न्यायसभेंत नाहींच. ती बोलावयास येते त्याच क्षणीं खोटें नाहींसें होतें. कवीनें बाईच्या वाणीवर केवढा विश्वास टाकला आहे! मार खाल्लेली बाई जिवंत परत येऊन बोलली तरी कोणी ऐकणार नाहीं, अशी कल्पनाही त्याला शिवलेली नाहीं.

गडकऱ्यांनीं मात्र याहून अवघड प्रसंग लिहून ठेविला आहे. 'एकच प्याला' हें नाटक १९१९ सालीं, गडकरी सावनेरास वारल्यानंतर, रंगभूमीवर आलें आणि बालगंधर्वांच्या सिंधूनें महाराष्ट्राला रडविलें. सुधाकर हा वकील आहे, हें आपण पुष्कळदां विसरतों. न्यायालयांतील अपमानानें आणि सनद रद्द झाल्यानें तो प्याल्याकडे वळतो, म्हणजे या शोकांतिकेचा उगम कचेरींतच आहे. आणि तिचा शेवटही जबानीनेंच होतो. दारूच्या धुंदींत सुधाकराच्या हातून लहानग्याचा जीव जातो, सिंधूही घायाळ होते, आणि फौजदार समोर येतो तेव्हां मरणोन्मुख सिंधू नवऱ्यावरचा दोष आपल्या खोट्या जबानीनें पुसून टाकते. प्रेक्षक या जबानीला खोटी म्हणत नाहींत. ते तिला पातिव्रत्य म्हणतात. शंभर वर्षें आपण या प्रसंगावर अश्रू ढाळीत आलों. पण ती जबानी खरी धरून फौजदार परत जातो, आणि त्या मेलेल्या मुलाच्या वतीनें बोलणारें त्या खोलींत कोणीच उरत नाहीं, हें आमच्या फारसें मनांत येत नाहीं. गडकऱ्यांच्या प्रतिभेविषयीं आम्हांस किंचितही शंका नाहीं. शंका आहे ती आमच्या अश्रूंविषयीं.

शेक्सपिअरच्या ऑथेल्लोमध्यें, जें देवलांनींच 'झुंझारराव' या नांवानें मराठींत आणलें, हाच प्रसंग आणखी तीव्र झाला आहे. नवऱ्यानें गळा दाबल्यावर डेस्डेमोनाला शेवटचा श्वास येतो, आणि हें कोणीं केलें असें दासी विचारते तेव्हां ती दोष स्वतःवर घेऊन मरते. आणि ऑथेल्लो काय करतो? तिच्या या शेवटच्या शब्दांवरूनही तो तिला खोटारडी ठरवितो! जिवंत असतांना ती निष्ठावान आहे असें म्हणाली तेव्हां खोटी. मरतांना त्याला वांचवूं पाहते तेव्हांही खोटी. संशयानें पेटलेल्या घरांत बाईनें कोणतें वाक्य बोललें म्हणजे तें खरें धरलें जाईल, याचें उत्तर त्या नाटकांत नाहीं.

कायद्याचा समज असा कीं मरणाच्या दारांतला माणूस खोटें बोलत नाहीं. म्हणूनच १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत कलम ३२ अन्वयें मृत्युपूर्व जबानीला स्थान मिळालें, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही कलम २६ मध्यें तें कायम आहे. हा समज बहुतेक बाबतींत खरा असेल. पण सिंधू आणि डेस्डेमोना या दोघी त्याला अपवाद आहेत, आणि त्या केवळ कविकल्पना नाहींत. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १८ ते ४९ वर्षें वयाच्या विवाहित स्त्रियांपैकीं देशांत शेंकडा सुमारें २९ आणि महाराष्ट्रांत शेंकडा सुमारें २५ जणींनीं पतीकडून हिंसा झाल्याचें सांगितलें. त्याच पाहणींत असें आढळलें कीं, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकीं मदत मागणाऱ्या शेंकडा १४ होत्या. शेंकडा ७७ जणींनीं मदतही मागितली नाहीं आणि कोणाजवळ अवाक्षरही काढलें नाहीं. विहिरीवर पाय घसरला, कवाड लागलें, चक्कर आली: हीं उत्तरें दवाखान्यांत रोज दिलीं जातात. खोट्या फिर्यादींविषयीं आपण एवढें बोलतों, त्या मानानें खोट्या इनकारांविषयीं किती बोलतों? सत्याची चाड हीच आमची खरी चाड असेल, तर दोन्ही असत्यें आम्हांस सारखींच बोंचावयास हवींत.

याचा अर्थ खोटी फिर्याद नसतेच, असा कोणी करील तर तें आम्हांस मान्य नाहीं. ती असते. १९८३ सालीं दंडसंहितेंत ४९८-अ हें कलम आलें, त्यांतील तरतूद आतां भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्यें आहे, आणि पति व त्याचे नातलग यांनीं केलेल्या क्रूरतेस तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. 'नातलग' या एका शब्दांत किती माणसें मावतात, तें कचेरीच्या आवारांत बसल्याशिवाय कळत नाहीं. परगांवीं नांदणारी नणंद, अंथरुणाला खिळलेला सासरा, कॉलेजांत शिकणारा दीर, सगळ्यांचीं नांवें एका ओळींत घातलीं जातात. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं अर्नेशकुमार प्रकरणांत पोलिसांस यंत्रवत् अटक करण्यास मनाई केली, आणि २०२४ सालींही ठोस आरोप नसतांना साऱ्या कुटुंबाला गोंवण्याच्या प्रवृत्तीवर टीका केली. ज्या म्हातारीला आयुष्याच्या संध्याकाळीं पोलीस ठाण्याच्या बांकावर बसावें लागलें, तिला पुढें निर्दोष सोडलें म्हणून त्या रात्री परत येत नाहींत. तिचें दुःख लहान लेखून स्त्रियांच्या कैवाराला बळ येईल, असें जे मानतात ते त्या कैवाराचेंच नुकसान करतात. कारण ती म्हातारीही स्त्रीच आहे.

पण ही फुगविलेली फिर्याद लिहितें कोण? ज्यांनीं अशी कांहीं प्रकरणें जवळून पाहिलीं असतील त्यांस हें ठाऊक आहे. मार खाऊन आलेली मुलगी सांगते तें साधें असतें: अमक्या दिवशीं अमक्यानें मारलें, आई जवळ होती पण बोलली नाहीं. मग माहेरचे चार शहाणे बसतात. एवढ्यानें भागणार नाहीं, सगळ्यांना घ्या, हुंड्याचें लिहा, म्हणजे ते वठणीवर येतील, असा सल्ला मिळतो. मुलीच्या खऱ्या वाक्याभोंवतीं दहा खोटीं वाक्यें उभीं राहतात, आणि पुढें उलटतपासणींत तीं दहा कोसळतात तेव्हां तें एक खरेंही त्यांच्याखालीं गाडलें जातें. सासरीं असतां तिच्या तोंडीं सासरनें इनकार घातला. माहेरीं आल्यावर माहेरनें तिच्या तोंडीं फिर्याद घातली. तिची स्वतःची जबानी कोणीं घेतलीच नाहीं. खोटी फिर्याद आणि खोटा इनकार यांस आपण परस्परविरुद्ध समजतों. आम्हांस तर त्या एकाच मुळाच्या दोन फांद्या दिसतात. जिच्या बोलण्यावर तिची स्वतःची मालकी नाहीं, तिच्या तोंडून सत्य बाहेर पडेल तें योगायोगानेंच.

या ठिकाणीं एका भेदाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे, आणि या निबंधांत सांगण्यासारखें कांहीं असेल तर तें हेंच. आरोपी निर्दोष मानावा, हा न्यायाधीशाचा धर्म आहे. त्याच्या हातीं शिक्षा आहे, शिक्षेनें माणसाचें स्वातंत्र्य जातें, म्हणून त्यानें संशयाचा फायदा दिलाच पाहिजे. परंतु एक पुरुष निर्दोष मानणें म्हणजे एक स्त्री खोटी मानणें नव्हे. पुराव्याअभावीं सुटका झाली, एवढ्यावरून फिर्याद खोटी ठरत नाहीं. कायद्यांत खोट्या फिर्यादीचा गुन्हा वेगळा आहे आणि तोही स्वतंत्रपणें शाबीतच करावा लागतो. रंगभूमीवर मात्र या दोन गोष्टींमधील अंतर राहत नाहीं, कारण तेथें निकालाबरोबर सत्यही जाहीर होतें. खऱ्या न्यायालयांत निकाल जाहीर होतो. सत्य पुष्कळदां घराच्या चार भिंतींतच राहतें.

आणि बापाचा, भावाचा, शेजाऱ्याचा धर्म न्यायाधीशाचा नव्हे. रात्रीं अकरा वाजतां मुलगी दार ठोठावते तेव्हां बापानें दोन साक्षीदार मागण्याचें कारण नाहीं. दार उघडण्यास जेवढा पुरावा लागतो तो तिच्या चेहऱ्यावर असतो. उलट, तोच बाप दुसऱ्या दिवशीं फिर्यादींत मुलीच्या नणंदेचें नांव घालूं लागला तर त्याला दसपट पुरावा मागावा. आसरा देणें आणि शिक्षा देववणें या दोहोंस पुराव्याचें माप सारखें कसें असेल? २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आहे, हें मर्म ओळखलें आहे. त्यांत स्त्रीला घरांत राहण्याचा हक्क दिला, संरक्षणाचा हुकूम मागण्याची सोय केली, आणि नवऱ्याला तुरुंगाची वाट दाखविली ती बहुतेक हुकूम मोडला तरच. म्हणजे आधीं घाव थांबवावयाचा, दंडाचा विचार मागाहून. नाटककारांच्या दृष्टीनें हा कायदा अगदींच नीरस आहे; यांत पिंजरा नाहीं आणि टाळी घेणारें वाक्यही नाहीं.

आतां आळाची दुसरी बाजू. खोट्या आरोपाविषयीं चर्चा करतांना आरोप नेहमीं पुरुषावर होतो असें गृहीत धरलें जातें. पण घराघरांत सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त असा जो आळ, तो बाईच्या चारित्र्यावरचा. त्याला फिर्याद लागत नाहीं, पंचनामा लागत नाहीं, आणि तो खोटा ठरला म्हणून कोणास दंड होत नाहीं. मारहाणीचें कारणही पुष्कळदां तोच असतो. देवलांनीं 'संशयकल्लोळा'त फाल्गुनरावाच्या संशयाचें प्रहसन केलें, आणि १९१६ पासून आपण त्यावर पोट धरून हंसत आहों. हंसूं नये असें आमचें म्हणणें नाहीं, कारण तेथें कृत्तिकाही तितकीच संशयी आहे आणि दोघांची तोलामोलाची जोडी आहे. तेंडुलकरांनीं मात्र 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९६७ सालीं रंगभूमीवर आलेल्या नाटकांत हंसण्याची जागाच हिरावून घेतली. खेडेगांवांत प्रयोगासाठीं गेलेली मंडळी वेळ घालविण्यासाठीं लुटुपुटीचा खटला उभा करतात, बेणारे बाईंना आरोपी करतात, आणि पाहतां पाहतां खेळ संपून शिकार सुरू होते. ज्याच्यामुळें हें घडलें तो प्राध्यापक दामले सबंध नाटकांत रंगमंचावर येत नाहीं. आमच्याच पेशाचा हा गृहस्थ असल्यामुळें त्याची ती रिकामी खुर्ची आम्हांस विशेष टोंचते. तेंडुलकरांनीं न्यायसभेचा देखावा उलटा करून दाखविला: येथें निकालाबरोबर सत्य बाहेर येत नाहीं, न्याय करणारांचे चेहरे तेवढे बाहेर येतात.

खेळांत जें झालें त्याहून भयंकर गोष्ट याच भंडारा जिल्ह्यांत प्रत्यक्ष घडली, आणि ती टाळून येथील न्यायाविषयीं लिहिणें बरें नव्हे. मोहाडी तालुक्यांतील खैरलांजी गांवीं एका मारहाणीच्या प्रकरणांत सुरेखा भोतमांगे यांनीं पोलिसांस आरोपींची ओळख सांगितली. पुढें २९ सप्टेंबर २००६ रोजीं जमावानें त्या, त्यांची मुलगी व दोन मुलगे अशा चौघांची हत्या केली. हें प्रकरण घरगुती हिंसेचें नव्हे. कुटुंब दलित होतें, आणि जातीचा द्वेष त्याच्या मुळाशीं होता, हें उघड आहे. भंडाऱ्याच्या न्यायालयानें २००८ सालीं आठ जणांस दोषी ठरविलें, सहांस फांशी सुनावली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०१० सालीं ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. आमचा मुद्दा एवढाच आहे कीं, एका बाईनें जबानी दिली, आणि ती मेल्यावरही तिच्या चारित्र्याविषयीं कुजबूज करण्यास लोकांस लाज वाटली नाहीं. जबानी खरी कीं खोटी हें तपासण्यास न्यायालय होतें. आळ तपासण्यास कोणीच नव्हतें.

ज्या समाजांत साक्षीची किंमत अशी द्यावी लागते, तेथें बायका खरें कां सांगत नाहींत असें विचारण्यापूर्वी, त्यांचें ऐकणारे कोठें आहेत हें विचारलें पाहिजे. ऑथेल्लोंत अशी एक व्यक्ति आहे, आणि टीकाकार नायकाच्या मोठेपणांत गढून गेल्यामुळें तिच्याकडे थोडें दुर्लक्ष होतें. एमिलिया ही ती दासी. मेलेली मालकीण दोष स्वतःवर घेऊन गेली, तिचा स्वतःचा नवरा गप्प बस म्हणून दरडावतो आहे, तरीही ती रुमालाची हकीकत सगळ्यांदेखत सांगते आणि त्यापायीं नवऱ्याच्या हातून मरते. डेस्डेमोनाला वांचविण्यास ती उशिरां पोंचली हें खरें. पण मालकिणीवरचा आळ तिनेंच धुऊन काढला.

आमच्या नाटकांत एमिलिया क्वचित् दिसते. भिंतीपलीकडची शेजारीण असते, ती हळहळते, आणि फार तर "सोस बाई" म्हणून सांगते. २००५ च्या त्याच कायद्याच्या कलम ४ अन्वयें घरांत हिंसा झाली आहे वा होणार आहे असें ज्यास वाटतें तो कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास खबर देऊं शकतो, आणि सद्भावनेनें दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. खबर म्हणजे आरोप नव्हे. भिंतीपलीकडून काय ऐकूं आलें एवढेंच सांगावयाचें, दोष कोणाचा तें ठरविण्याचें काम तिचें नाहीं. ही तरतूद अंमलांत येऊन इतकीं वर्षें लोटलीं, पण ती ठाऊक असलेलीं माणसें आम्हांस सुशिक्षितांतही थोडींच भेटलीं. झाडीपट्टींतल्या एखाद्या नाटककारानें शेवटच्या अंकांतला वकील वजा करून त्या जागीं ही शेजारीण उभी केली, रात्रीं दहा वाजतां आवाज आला तो एवढा, असें तिनें सांगितलें आणि ती आपल्या घरीं निघून गेली, तर त्या प्रवेशाला टाळी पडणार नाहीं हें आम्ही जाणतों. मंडईला माहेरीं आलेली एखादी लेक मात्र दुसऱ्या दिवशीं सासरीं जातांना तिचें वाक्य बरोबर घेऊन जाईल.